बसूनवाल्यांची गर्दी

तीर्थस्वरूप मार्लिसताईस,

लाइलचा दंडवत. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्ध्यातूनच उठलो असं समज.) भाऊजींचा नवा गुडघा चालतो ना? की जिना दिसला की अजूनही 'वर आपलं काही काम नाही' असं जाहीर करतात? इकडे सर्व ठीक. बर्फ नेहमीचाच, म्हणजे टपालपेटी दिसत नाही, पण कुठे आहे ते ठाऊक आहे.

आमच्या सोल्वेगच्या शिष्यवृत्तीचं काय झालं, असं तू विचारलंस. ऐक. पोर लहानपणी चर्चमध्ये पियानो वाजवायची आणि बरी वाजवायची. पण शाळेच्या बँडचे पेडरसन मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लाइल, पियानोवाले पैशाला पासरी. पोरीला बसून शिकव. आख्ख्या मिनेसोटात बसून वाजवणारं कुणी उरलं नाही. कॉलेजवाले दारात गाडी पाठवतील." (बसून हे वाद्याचं नाव. लांबलचक लाकडी नळकांडं, आवाज सर्दी झालेल्या बैलाचा. उभ्यानं वाजवलं तरी बसूनच.) मी पियानोची शिकवणी बंद केली. शिष्यवृत्ती नाही तर कॉलेज नाही, सरळ टर्की कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात कामाला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पोरीनं तोंड वाकडं केलं, पण फुंकायला घेतलं.

फेब्रुवारीत कॉलेजात चाचणी होती. गाडीत ती बसूनची पेटी मांडीवर घट्ट धरून होती. मी धीर दिला, "घाबरतेस काय? तू एकटीच असशील." संगीत विभागाचं दार उघडून बघतो तर आयोवापासून डकोटापर्यंतची पोरं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर बसून! प्रत्येकाशेजारी माझ्यासारखाच शहाणा आईबाप, म्हणजे प्रत्येक गावात एकेक पेडरसन मास्तर असणार. शेजारी बसलेल्या क्वामबाईंनी (लेक थीया, भिंतीसारखी पांढरी पडलेली) मला विचारलं, "तुमच्याही मास्तरांनी सुचवलं वाटतं?" मी म्हटलं, "छे हो, हिला उपजतच आवड." सोल्वेगनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती आपल्या आईची होती.

एवढ्यात बातमी आली की सगळ्यांना पियानोची साथ करणाऱ्या बाईंची गाडी बर्फावरून घसरून चरात गेली. (बाई सुखरूप आहेत.) विभागाच्या मुख्य आयव्हर्सनबाई म्हणाल्या, "नाइलाज आहे, साथीशिवायच वाजवा." पहिला नंबर थीयाचा. ती रडायलाच लागली. सोल्वेग उठली आणि म्हणाली, "मी करते साथ."

मी तिची बाही ओढली. "अगं, ती तुझ्या ताटातला घास न्यायला आलीये!"

"बाबा, तिच्या रचनेची सुरुवातच पियानोवर आहे. तोवर तिनं काय भिंतीकडे बघत उभं राहायचं?" असं म्हणून गेलीसुद्धा आत.

मी दाराला कान लावला. थीया मध्येच अडखळली, तर पियानो जरा रेंगाळला, तिला सोबत घेतलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढे निघाला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. मग काय, बाकीचेही आईबाप सोल्वेगभोवती जमले आणि तिनं कुणालाच नाही म्हटलं नाही. आपलं गवत शेजाऱ्यांच्या गाड्यांत भरलं जाताना माणूस बांधावर उभा राहून पाहतो, तसा मी पाहत होतो. पाहत म्हणजे ऐकत, कारण कान दारालाच होता. ते दार कुणीतरी आतून उघडलं आणि मी टोपीसकट परीक्षकांच्या पायाशी गेलो. "आपलं वाद्य कोणतं?" आयव्हर्सनबाईंनी विचारलं. "मी बाप," मी म्हटलं.

सोल्वेगच्या पाळीला साथ करायला अर्थातच कुणी नव्हतं. थीया नुसतीच जाऊन पियानोच्या बाकावर बसली, सोबत म्हणून. सोल्वेगनं वाजवलं. सर्दी झालेला बैल तिथंच दगावला, एवढंच लिहितो.

बसूनची शिष्यवृत्ती थीयाला मिळाली. क्वामबाईंनी मला वेलदोड्याचा पाव दिला. खाल्ला. पावावर राग काढण्यात अर्थ नसतो. आम्ही कोट चढवत होतो, तेवढ्यात आयव्हर्सनबाई आल्या. "बसूनवाले पुष्कळ आहेत हो," त्या म्हणाल्या, "समोरचा चुकला तर त्याला सांभाळून नेणारा पियानोवाला मिळत नाही." आणि साथीदार म्हणून सोल्वेगला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली. मग विचारलं, "शिकवणी कुणाकडे चालू आहे?" मी छताकडे बघू लागलो. सोल्वेग म्हणाली, "मध्ये जरा खंड पडलाय." बस्स, इतकंच.

परतताना मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "बाबा, वळण गेलं." खरंच गेलं होतं. मग पुढच्या गावात जाऊन गाडी वळवली.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
लाइल

ता. क. : तुझ्या दिवाणखान्यात आईचा पियानो आहे, त्यावर तू फुलझाडांच्या कुंड्या ठेवतेस असं ऐकतो. झाडांना खिडकीजवळचं ऊन जास्त मानवतं. पोरीला सप्टेंबरपर्यंत हात बसवायचा आहे.

पुन्हा ता. क. : शनिवारी ट्रक घेऊन निघतोय. 'नाही' म्हणायचं असेल तर मला फोन करू नकोस, तिलाच तोंडावर सांग. ट्रक ती चालवणार आहे.