खिंड बंद असेल तर

बिश्केक, १२ फेब्रुवारी

प्रिय सालतानात एजे, माझ्या थोरल्या ताई,

तुला आणि आईला खूप प्रेम. इकडे सगळं ठीक. माझी लेक आयदाय आता भिंत धरून चालते. थंडी मरणाची आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण आवाज खणखणीत आहे.

माझ्या कामाचं विचारलं होतंस. डोंगरातल्या गावांना औषधं पोचवायचा थोरल्या दिरांचा धंदा जोरात आहे. कुठली गाडी कधी, कुठल्या रस्त्याने निघेल ते ठरवणारा प्रोग्रॅम माझाच, तुला माहीतच आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी दिरांनी त्यासाठी एआय मदतनीस घेतला. हुशार आहे गं, पण रोज सकाळी कालचं सगळं विसरलेला. म्हणून दीर म्हणाले, "बेगिमाय, तुझ्या डोक्यात आहे ते सगळं त्याला कायमचं लिहून दे. कामाला लागण्याआधी दर वेळी तो ते वाचेल. उद्या तू आजारी पडलीस तर आम्ही काय करायचं?"

मी लिहीत गेले. खिंडीत बर्फ असेल तर नकाशात रस्ता मोकळा दिसला तरी गाडी सोडू नकोस, आधी नारीन गावच्या ड्रायव्हरला विचार. इन्सुलिन मागच्या दाराशी ठेवायला सांगू नकोस, गोठतं. तो चुकला की मी सांगायची, आणि तो ते त्याच लिखाणात जोडून ठेवायचा. खरं सांगू? या घरात माझं बोलणं कोणीतरी लक्षात ठेवतंय, याचंच मला अप्रूप वाटायचं.

गेल्या आठवड्यात दिरांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "खिंड बंद आहे, दोन गावांना औषध हवंय, गाडी एकच. काय करू?" मी दिलं असतं तेच उत्तर त्याने दिलं. दीर खूश. "झालं! सुटलीस बघ कामातून."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "बरं झालं बाई. सून दिवसभर त्या डबड्यात तोंड घालून बसणार, मग पाहुण्यांना चहा कोण ओतणार?"

आणि तालंत? नवरा ना तो! माझा लॅपटॉप उचलला आणि भावाच्या हातात दिला.

तू म्हणशील, मुद्दाम चुकीचं का नाही लिहिलंस? मनात आलं होतं. पण त्या गाड्या आपल्याच डोंगरात जातात. आईचं औषधही त्यांतूनच येतं.

आल्माटीच्या एका कंपनीने मला काम देऊ केलं होतं, तुला बोलले नव्हते. त्यांचं पत्र लॅपटॉपवरच होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं. काम सुटलं, म्हणून फोनही आता सासूबाईंच्या खिशात असतो. बोलायचं ते त्यांच्यासमोर. दुकानात जायचं तर नणंद बरोबर. कोणी मारत नाही, एजे. कोणी ओरडतसुद्धा नाही. नुसतं बाहेर जाऊ देत नाहीत.

ड्रायव्हर कुबातदादा औषधं भरायला येईल, तेव्हा हे त्याच्या हातात देईन.

फोनवर मी मजेत आहे म्हणते, ते खरं मानू नकोस. तू ये. आईला बरं नाही, बेगिमायला न्यायला आलेय, एवढंच सांग. चहा घे, रोटीचा तुकडा मोड, त्यांच्याशी भांडू नकोस. आयदायचे गरम कपडे मी पिशवीत भरून ठेवलेत. तू दारात दिसलीस की मी काही विचारणार नाही, नुसती उठेन.

लग्न होऊनही तुझीच राहिलेली,
बेगिमाय