पाण्याची हाळी

भवानीनगर,
१० मार्च १९९४

धोंडीबा भावजी, नमस्कार.

काल तुम्ही कळसहून भावाला बघायला आलात आणि मी तुम्हाला बिनचहाचं वाटेला लावलं. त्याचं कारण सांगते.

मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून यांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. वीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी. रोज तांब्या समोर धरायचे आणि बजावायचे, "पाणी म्हणा, मगच देईन." हे नुसतं "हुर्र, हुर्र" करायचे. "मी काय मेंढी आहे?" असं ओरडून मी त्यांना ताटकळत ठेवायचे, मग तांब्या आदळायचे. दोन महिने हेच.

काल तुमच्यासमोर तेच झालं आणि तुम्ही हसलात. "वहिनी, मेंढरं पाण्यावर न्यायची हाळी हाय ही. ल्हानपणी आमी दोघं घालायचो. पाणीच मागतोय की दादा!"

माझं माहेर बारामती शहरातलं, मेंढरांशी कधी संबंध नाही. मला हे कुठून कळणार? पण तेव्हा हे माझ्याकडेच बघत होते. ते सोसलं नाही, म्हणून तुम्हाला घालवलं.

आज हाळी ऐकून लगेच पाणी दिलं. पिऊन झाल्यावर त्यांनी वेगळीच हाळी घातली, पुन्हा पुन्हा. ती मला कळली नाही आणि ते रडले.

हे पत्र टपालात टाकत नाही, सोबतच आणते. उत्तर येईपर्यंत थांबणं जमणार नाही. उद्या पहिल्या एस.टी.नं यांना घेऊन येते. बाकीच्या हाळ्या मला शिकवा.

तुमची वहिनी,
शशिकला