राजश्रीची डावी बाजू

४ जानेवारी
राजश्रीला रत्नागिरीहून हेदवीला घरी आणलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. झटका उजव्या भागाला, म्हणून डावा हात लुळा आणि डावीकडचं जगच गायब. डोळे उत्तम, वाचा शाबूत. पण डावीकडे काही आहे हे मेंदू कळवतच नाही. उपाय: घरच्यांनी डावीकडे बसायचं, डावीकडून बोलायचं. मेंदू हळूहळू तिकडे वळतो. मला लगेच समजलं. सगळी नोकरी बोटीवर इंजिनरूममध्ये गेली, मेंदू म्हणजे शेवटी वायरिंगच. संकल्प: शिमग्यापर्यंत बायको दुरुस्त.

५ जानेवारी
खुर्ची पलंगाच्या डावीकडे लावली. दिवसभर बोललो. हिने एकदाही पाहिलं नाही. म्हणजे रिपोर्ट बरोबर आहे. समाधान वाटलं.

९ जानेवारी
ताटातली भाजी-आमटी संपली. डावीकडची चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. चटणी मी केली होती. वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, तिच्या मेंदूला ती दिसलीच नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल टेप चिकटवली.
गंगा वाडीतून हिला आंघोळ घालायला येते. ती उजवीकडे बसते आणि दोघी खिदळतात. उपचाराच्या दृष्टीने हे चूक आहे असं तिला समजावलं. म्हणाली, वैनी हसतायत ना भाऊ, मग हसू द्या की. शास्त्र सांगायचं तरी कुणाला.

१७ जानेवारी
आरोहीचा पुण्याहून फोन. बाबा, आईशी जरा प्रेमाने बोला, म्हणे. तिला सांगितलं, पोरी, हा प्रेमाचा प्रश्न नाही, नसांचा आहे. तर विचारते, झटका येण्याआधी आई तुमच्याशी बोलायची का? हो तर, म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवून पाहिलं. ‘पान वाढलंय.’ ‘दूधवाला आलाय.’ मुळातच मितभाषी बाई. गंगाशी बोलते ते वेगळं, तो उजवा विभाग.

२ फेब्रुवारी, सकाळी ११
मोठी प्रगती! डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघत ही म्हणाली, "शेड."
गाडीची शेड मी मागच्या वर्षी बांधली. तिथे हिचं सुरंगीचं झाड होतं. फुलांच्या दिवसांत पहाटे उठून पालखीसाठी गजरे करायची. झाड मध्ये येत होतं. ही माहेरी केळशीला गेली होती तेव्हा तोडून घेतलं, उगाच चर्चा नको म्हणून. आल्यावर एक शब्द बोलली नाही. म्हणजे पसंत पडली. आज डावीकडचा पहिला शब्द तोच. अभिमान वाटला.
नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थकवा असणार.

१२ फेब्रुवारी
चटणी खाल्ली. डावीकडच्या भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ सांगितली. दुपारी मांजर माझ्या मांडीवर झोपलं होतं. ही म्हणाली, "मने, ये गो इकडे." मनी गेली. मला एक शब्द नाही. मांजर दिसलं आणि मांजराखालचा माणूस दिसला नाही! मेंदूला बहुधा आधी लहान वस्तू दिसतात, मोठ्या नंतर. नेटवर हा नियम शोधला. सापडला नाही, पण असणार.

२४ फेब्रुवारी
गुहागरला जाऊन सुरंगीचा गजरा आणला. मुद्दाम उशीच्या डावीकडे ठेवला. हिने उचलला, वास घेतला, डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरला. मी खुर्चीत अगदी ताठ बसलो होतो. मग हिने गंगाला विचारलं, कोणी आणला? गंगा म्हणाली, भाऊंनी. "होय का," म्हणाली आणि एका हातानेच गंगाच्या केसांत खोवला. मनाची मोठी आहे.
 

६ मार्च
जयगडच्या फेरीबोटीने रत्नागिरीला. डॉक्टरांनी हिला कागदावर घड्याळ काढायला लावलं. सगळे आकडे जागच्या जागी. फूल काढलं, दोन्हीकडे पाकळ्या. डॉक्टर म्हणाले, डावी बाजू पूर्ण परत आली, काका, कमाल केलीत. मी विचारलं, एखादीच वस्तू राहून जाऊ शकते का? बाकी सगळं दिसतं आणि तेवढीच दिसत नाही, असं? त्यांनी विचारलं, कुठली वस्तू? म्हटलं, काही नाही, सहज.
येताना बोटीत हिच्या डावीकडेच बसलो. खाडी बघत होती.

७ मार्च
शेवटी सरळ विचारलं, मी दिसतो का तुला?
हिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत. असं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.
"दिसता," म्हणाली. "सगळंच दिसतं आता." मग न रागावता, "तुम्ही दिसत नव्हतात ना, तेवढे दिवस मला बरं वाटत होतं."
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. यात मेंदूचा काही संबंध नाही.
गंगा आल्यावर खुर्ची तिला दिली आणि पडवीत येऊन बसलो. दुपार टळून गेली तरी कोणी जेवायला हाक मारली नाही. मग लक्षात आलं, स्वयंपाक माझ्याकडेच आहे.