दहा अंडर आणि थोडी माया

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शिवणाच्या दुकानाचं नक्की झाल्याचं पत्र आईला वाचून दाखवलं. बाबा गेल्यापासून ती फाटकाबाहेर पडलेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. पहिलं कापड तिच्याच हातून कापून घेणार म्हटल्यावर म्हणाली, येईन, पण बाबांच्या लाल गाडीतूनच. मी बस सुचवली, भाड्याची मोटार सुचवली. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हा ती बसकी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार शेडमधून बाहेर काढून इंजिन खोललं. आतला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, झिजला होता. लेथवाल्याने तो घासून गुळगुळीत केला. आता त्याच्याभोवती बसणारं बेअरिंग नवं हवं, आणि जुन्या गाड्यांचे भाग मिळतात तुमच्या गावातच. दुकानात 'दहा अंडर' एवढंच सांग. शर्यतीच्या गाड्यांचं कडक बेअरिंग असेल तर तेच घे. बाबांची गाडी आहे, जरा पळायला हवी.

लोभ आहेच, तो कागदावरच्या ग्रीसच्या ठशांसकट गोड मानून घ्यावा.

तुझा,
भोपू


१२ जानेवारी

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बेअरिंग पाठवलं आहे. दुकानदाराने विचारलं, स्टँडर्ड की दहा अंडर. मी विचारलं, अंडर म्हणजे कमी मापाचं का, तर हो म्हणाला. कमी मापाच्या कपड्यांचं काय होतं ते मला नको सांगूस. खातं गिऱ्हाईक, फुटतं बटण आणि शिव्या शिंप्याला. म्हणून स्टँडर्डच घेतलं. आम्ही शिवणीत जास्तीच्या कापडाची माया ठेवल्याशिवाय कात्री लावत नाही. सैल असलं तर आवळता येतं, पण कमी पडलेलं कापड कुठून आणायचं?

कडक बेअरिंगही घेतलेलं नाही. दुकानदार म्हणाला, तेलात कचरा आला तर मऊ बेअरिंग तो पोटात घालतं, आणि कडक असलं तर दांड्यालाच ओरखडे पडतात. शेजारी आई बसणार आहे. तिला काय शर्यतीत उतरवणार आहेस? तिच्या गुडघ्यांना तरी विचारलंस का?

शहाण्यासारखा वाग आणि नाही जमलं तरी लोभ राहू दे.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी माया पोचली, आणि तीच नडली. अगं, 'दहा अंडर' हे दांड्याचं माप, इंचाच्या हजार भागांतले दहा कमी. घासून दांडा बारीक झाला, म्हणून बेअरिंग आतून लहान, म्हणजेच जास्त जाड लागतं. नशीब, आधी तपासलं. मध्ये मेणाचा बारीक धागा ठेवून सगळं आवळतात आणि पुन्हा उघडून तो किती चपटला ते बघतात. तुझ्या बेअरिंगमधून धागा जसाच्या तसा गोल निघाला. सोबत पाठवतो आहे. एवढ्या फटीत तेलाचा दाब टिकणार नाही, आणि गाडी अर्ध्या रस्त्यात खडखडून बसेल.

काल आईने बाबांचा गाडीवरचा गॉगल काढून पुसून ठेवला. आता तिला मी काय सांगू?

रागावलो आहे, तरी लोभ आहे. बेअरिंग परत पाठवतो आहे.

तुझा,
भोपू


२८ जानेवारी

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

धागा बघितला आणि लख्ख उजेड पडला. बेअरिंग म्हणजे अस्तर, एवढंच लिहायचं होतंस. माणूस वाळला आणि कोट तोच ठेवायचा असला, की अस्तर जाड लावतात. तू लिहितोस 'दहा अंडर', जसे काही आपण दोघं वेगवेगळ्या घरांत वाढलो.

बदलून आणलं. दुकानदाराने कपाळाला हात लावला, मी अस्तराचं समजावलं, मग तो हसला. दहा अंडर घेतलं आहे, पण मऊच. त्यावर वाद नको. आई आली नाही तर मला दुकान उघडावंसं वाटणार नाही, हे खरं सांगते.

गाडी हळू चालव. लोभ आहे, तो आणखी तपासून बघू नकोस.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं दुकान उघडून आम्ही सुखरूप घरी पोचलो. इंजिन तुझ्या शिवणयंत्रासारखं एका लयीत चाललं. दुकानासमोर मला गाडीतून उठताच येईना, त्याची चर्चा तुमच्या गल्लीत अजून चालू असेल. तू कापड आणि कात्री घेऊन गाडीपाशी आलीस ते बरं केलंस. बसल्या बसल्या कापलं म्हणून काही ते वाकडं गेलं नाही. तिघांनी ओढून बाहेर काढलं, तेव्हा भोपू म्हणाला, दांड्याचं माप घेतलं, गुडघ्यांचं राहिलं.

तुझे बाबा मला नेहमी शेजारी बस म्हणायचे. त्या आसनावर तुम्हा दोघांपैकी कुणीतरी असायचंच, म्हणून मी म्हणायचे, पुढच्या वेळी. परवा तिथे बसले आणि सगळा रस्ता रडत होते. गॉगल होता, भोपूला कळलं नाही. मला फार बरं वाटलं.

आता येत्या रविवारी नदीपर्यंत जायचं आहे, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुलापलीकडे. भोपूला अजून सांगितलेलं नाही. तेवढी आसनासाठी एक जाड गादी शिवून पाठव, म्हणजे उठता येईल. माप त्याला विचारू नकोस, तो दहा अंडर सांगेल.

माया आहेच. गादीतही सढळ ठेव.

तुझी,
आई