बाबांची ‘खाजगी’ ओळ

बाबा,

जयभीम!

तुमचा कम्प्युटर आज विकला. पंडरीच्या बाजारातून आत्ताच आली, पाय धुतले आणि लिहायले बसली. जीव भांड्यात पडला हे तुमच्याशिवाय सांगू कोणाले? तुम्हाले जाऊन वर्ष झालं. आई रोज म्हणायची, “तो डबा काढ टेबलावरून, मले पाहवत नाही.” म्हणून काढला.

पण तुम्ही पण कमालच केली! रेल्वेतून रिटायर झाले आणि समाजातल्या लग्नाच्या पोरापोरींचे बायोडाटा गोळा करत बसले. दर रविवारी तुम्ही विहारातून आले का लोक दारात हजर. फोटो, पगार, फोन नंबर, सगळं एका बोटानं टाईप करायचे. इथपर्यंत ठीक. पण प्रत्येकाच्या खाली ‘खाजगी’ लिहून एक ओळ काहून टाकायचे? “मुलीला फिट यायची. दोन वर्षांपासून नाही.” “मुलाचे पहिले लग्न मोडले. चूक त्याची नाही.” प्रिंट काढताना ती ओळ गाळायचे आणि समोरच्याले घरात बसवून, चहा पाजून, तोंडानंच सांगायचे. लपवाछपवी नको आणि बोभाटाही नको, हे तुमचं तत्त्व.

मी सगळ्या फाइली डिलीट केल्या, वरून फॉरमॅट मारला आणि ऐटीत जुने कम्प्युटर घेणाऱ्या दुकानात गेली. दुकानवाल्या दीदीनं विचारलं, “ठीक से मिटाया है ना?”

“हव, सब साफ.”

ती हसली. “दीदी, आपने घर की नेमप्लेट निकाली है. सामान सब अंदर ही है.”

तिनं एक सॉफ्टवेअर लावलं, आणि बाप्पा! एकामागून एक बायोडाटा वर येऊ लागले. ती फिट येणारी पोरगी आता दोन लेकरांची आई आहे, आणि तिचं नाव, फोटो, खाली तुमची ओळ, भर दुकानात! मी स्क्रीनवर दोन्ही हात ठेवले. हा डबा कोण्या भलत्याच्या हाती लागला असता तर किती घरांत आग लागली असती, बाबा? लोकांनी विश्वासानं सांगितलेलं मी बाजारात मांडून बसली होती.

दीदी समजदार निघाली. मान फिरवून म्हणाली, “मैं नहीं देख रही. पूरी डिस्क पर शून्य लिखवा देते हैं, फिर कुछ नहीं निकलेगा. तीन घंटे लगेंगे. कुछ रखना हो तो अभी निकाल लो.”

आईचे पेन्शनचे कागद पेनड्राइव्हवर घेतले. तेवढ्यात यादीत माझंच नाव दिसलं. उघडलं. खाली तुमची ओळ: “हिला लग्न करायचेच नाही. सांगायची हिंमत होत नाही पोरीची. स्थळ दाखवू नये.”

तुम्हाले माहीत होतं?

आणि मी इतकी वर्षं समजत होती का माझ्यातच काही कमी आहे, म्हणून स्थळं येणं बंद झालं. सुटल्यासारखं वाटायचं आणि आत कुठंतरी लागायचंही. एकदा तरी म्हणायचं होतं ना, “बेबी, मले समजते!” लोक तुम्हाले टोमणे मारत, दिव्याखाली अंधार म्हणून. आई तर अजूनही म्हणते, “लोकायचे संसार थाटले, घरची पोरगी विसरला माणूस.” तुम्ही खाली मान घालून ऐकून घेत. रागच येते तुमचा, आणि मायाही अशी येते का काय सांगू!

मी तिथंच रडली. दीदीनं पाणी दिलं. ती ओळ ठेवून घ्यावी असं फार वाटलं. मग म्हटलं, सगळ्यांची जाईल, तर माझीच काहून राहावी? “चलाओ,” म्हटलं. तीन तास हलली नाही जाग्यावरून. शेवटी दीदीनं तेच सॉफ्टवेअर पुन्हा लावून दाखवलं. एक नाव नाही, एक फोटो नाही! किती मोकळी मोकळी घरी आली मी, बाबा.

आई आत वरणाले फोडणी देऊन राहिली आहे. आज जेवायले बसलो का मी तिले स्वतःच्या तोंडानं सांगीन, लग्न मलेच करायचं नव्हतं, आणि बाबा मले विसरले नव्हते. तिनं आदळआपट केली तरी सांगीन. तुमच्या नावचं एकही बोलणं यापुढं मुकाट्यानं ऐकणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
बेबी