तुझ्या अक्षरातलं उत्तर

प्रिय टिटवे,

गेली सहा वर्षं मी तुला कागदावर 'माननीय राष्ट्राध्यक्षा' असंच लिहीत आले, अगदी खासगी पत्रातसुद्धा. आज जुन्या नावानं हाक मारतेय, रागावू नकोस. वसतिगृहाच्या बाईंनी तुला हे नाव ठेवलं होतं, कारण नळाला पाणी आलं नाही तरी तू अख्खा मजला डोक्यावर घ्यायचीस. सकाळपासून हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिलं फाडलं, कारण त्यात मी फार रागावले होते. दुसरं फाडलं, कारण त्यात मी फारच शहाणी झाले होते. आता चार वाजताहेत. जे जसं सुचेल तसं लिहिते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून सांगू दे. माझ्या डोक्यात पार गुंता झालाय.

त्या मंगळवारी सकाळी साडेआठला धरणावरून मुख्य अभियंत्याचा फोन आला. वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळत होता, पाणी काठाला लागलं होतं, आणि मातीच्या भिंतीच्या उजव्या अंगानं गढूळ पाणी पाझरायला लागलं होतं. आपण दोघी इंजिनिअरिंग शिकलेल्या, गढूळ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. भिंतीच्या पोटातली माती वाहून चालली होती. दरवाजे पुरते उघडले तर खालची रंगाऱ्यांची वस्ती पाण्यात जाणार. नाही उघडले आणि भिंत गेली, तर निम्मं शहर. वस्ती रिकामी करायला दोन तास हवेत, असं पोलीसप्रमुख म्हणत होते. भिंत दोन तास तग धरेल का, असं मी अभियंत्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, मी काय भिंतीच्या पोटात शिरून आलोय?" वस्ती बुडणार असेल तर राष्ट्राध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय दरवाजे पुरते उघडायचे नाहीत, हा नियम तूच केलेला. मी तुला फोन लावला. तुझा सचिव म्हणाला, बाईसाहेब विश्रांती घेताहेत, कागद पाठवा. मी कागद पाठवला. एक तास द्यायचा की दोन, एवढाच प्रश्न होता. चाळीस मिनिटांत माझा ड्रायव्हर उत्तर घेऊन परत आला. 'एक तास दे. मग थांबू नकोस. जबाबदारी माझी.' अक्षर तुझं. तो शेपूट वळवून बसलेल्या मांजरासारखा झ मी हजार कागदांतून ओळखला असता. मी फोन उचलला आणि अभियंत्याला सांगितलं, एक तास.

तासाभरानं दरवाजे पुरते उघडले, वस्ती पाण्यात गेली, भिंत राहिली. पुढचं साऱ्या देशाला माहीत आहे. अकराशे माणसं वर आली. चार आली नाहीत. एक म्हातारा रंगारी होता, अंथरुणाला खिळलेला. त्याची सून त्याला सोडून निघेना. आणि त्या दोघांना आणायला परत गेलेले दोन शिपाई. दुसरा तास मिळाला असता तर चौघंही वर आले असते, हे मला ठाऊक आहे. आणि दुसरा तास मिळाला असता तर भिंत राहिली असती का, हे कुणालाच ठाऊक नाही. अभियंता आता म्हणतो, कदाचित राहिली असती, कदाचित दहा मिनिटांत गेली असती, आकडे मांडून दोन्ही सिद्ध करता येतं. त्या संध्याकाळी तू वस्तीच्या कडेला चिखलात उभी राहिलीस आणि वार्ताहरांशी एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, दुःखानं तुझी वाचा बसलीय.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. सकाळच्या त्या कागदात मी माझं मत लिहिलंच नव्हतं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, आपण ठरवावं, एवढं लिहून मी मोकळी झाले. सल्लागार म्हणून सरकारी घरात राहते, आणि ज्या एका दिवशी सल्ला द्यायचा त्या दिवशी मी ते लोढणं तुझ्या गळ्यात अडकवलं. तुझं उत्तर वाचून मला आधी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून तीन आठवड्यांनी चौकशी समितीला तू पाठवलेलं निवेदन वाचलं तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. 'अशी कोणतीही लेखी परवानगी मी दिलेली नाही.' मला आधी वाटलं, टंकलेखनाची चूक असेल. मग वाटलं, मंत्र्यांनी तुला घाबरवलं असेल. त्या मंगळवारचं ते उत्तर घेऊन मी तुझ्याकडे आले. तुझ्या त्या लांबलचक टेबलापलीकडे तू बसली होतीस, दोन्ही हात मांडीवर, समोर चहा निवत चाललेला. मी कागद तुझ्यापुढे सरकवला. तू तो हातात न घेता वाकून वाचलास, बराच वेळ. मग म्हणालीस, "अक्षर माझं आहे. पण हे मी लिहिलेलं नाही." आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "माझं अक्षर काढता येणारी माणसं जगात किती आहेत, मास्तरीण?"

मला कळायला जिन्यापर्यंत वेळ लागला. दुसऱ्या वर्षी तू विद्यार्थी संघटनेच्या सभा गाजवत फिरायचीस आणि तुझ्या प्रयोगवह्या मी लिहायचे, तुझ्याच अक्षरात. प्राध्यापकांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्या वह्यांवर आपण किती हसलोय. पस्तीस वर्षांनी तू त्या माझ्यावरच उलटवल्यास, असं मला जिना उतरताना वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तुझा मनापासून द्वेष केला.

पण तिसऱ्या दिवशी भलतंच झालं. नाश्त्याच्या टेबलावर मी तो कागद पुन्हा काढला. पुराच्या त्या आठवड्यात मी किती झोपले होते? सोमवारी जेवले होते का, हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. ड्रायव्हरनं पाकीट आणून दिलं हे मला स्वच्छ आठवत होतं, आणि आठवणीवर भरवसा ठेवून तावातावानं भांडणारी माणसं मी आयुष्यभर पाहिलीत. मी पेन घेतलं आणि तेच वाक्य तुझ्या अक्षरात लिहून पाहिलं. 'जबाबदारी माझी.' टिटवे, हुबेहूब आलं. झसुद्धा. दोन कागद शेजारी ठेवले आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. ड्रायव्हरला बोलावून विचारलं. तो म्हणाला, पाकीट तुमच्या हातात दिलं ना बाई, बंद होतं. तरीही माझी शंका जाईना. एकदा माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला की त्याला साक्षीदार पुरत नाहीत. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. अर्धा तास हवापाण्यावर बोलली आणि शेवटी म्हणाली, "हे बघ, मी तुझी बहीण आहे, मला खरं सांग. तू लिहिलंस का ते?" मी म्हणाले, माहीत नाही. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आज सकाळी दहाला दारावरची घंटा वाजली. दारात भावोजी. सोबत ना गाडी, ना रक्षक. बागकामाची जुनी टोपी घालून तुझा नवरा अध्यक्षभवनापासून माझ्या घरापर्यंत पायी आला होता. मी म्हटलं, आत या. ते स्वयंपाकघरात येऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्याशी मी दोन वर्षं पत्रव्यवहार करतोय."

तुझ्या उजव्या हाताचं मला त्यांनी सांगितलं. कंप कधी सुरू झाला, डॉक्टर काय म्हणाले, मंत्रिमंडळाला कळू नये म्हणून तू सही करायच्या वेळा कशा ठरवून घेतल्यास, सगळं. तू सांगायचीस, ते तुझ्या अक्षरात उतरवायचे. चित्रकलेच्या शिक्षकाला अवघड ते काय. मला आठवलं, तू हात मांडीवर ठेवून बसली होतीस. मला आठवलं, चहा तसाच राहिला होता. इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून मला हे दिसलं नाही, आणि तू सांगितलंही नाहीस. यातलं जास्त काय लागलं ते अजून कळत नाही. दोन वर्षांत तुझी पत्रं शांत, नीटनेटकी झाली होती. मला वाटायचं, खुर्चीनं तुला शहाणं केलं. भावोजींना विचारलं, तर म्हणाले, "शब्द तिचे, स्वल्पविराम माझे." मग खाली बघून म्हणाले, "कधीकधी शेवटचं एखादं वाक्य माझं."

त्या मंगळवारी तू नव्या गोळ्या घेऊन झोपली होतीस. माझा कागद आला. त्यांनी तुला दोनदा हाक मारली, खांदा हलवला, तू उठली नाहीस. बाहेर ड्रायव्हर उभा. सचिवाला सांगावं तर तुझ्या आजारपणाचा बभ्रा होणार. ते तुझ्या टेबलाशी बसले आणि तू काय म्हणाली असतीस याचा विचार करायला लागले. पाच मिनिटं, म्हणाले, फार तर सात. "ती नेहमी म्हणते, सगळं राखायला थांबलं की सगळंच जातं. म्हणून मी एक तास लिहिलं." नंतर तू विचारलंस तेव्हा ते घाबरले आणि नाही म्हणाले. त्यांनी नाही म्हटल्यावर तुझ्यापुढे मी एकटीच उरले. खरं सांगू, तुझ्या जागी मीही माझ्यावरच संशय घेतला असता.

मला राग यायला हवा होता. त्या सुनेचा चेहरा वर्तमानपत्रात आला होता, तो डोळ्यांसमोर आला, आणि तरी टोपीच्या काठाशी चाळा करणाऱ्या त्या माणसावर मला धड रागावता येईना. मी टाळलेला निर्णय त्यांनी घेतला, तो घ्यायचा त्यांना काडीचा हक्क नव्हता, आणि तो बरोबर होता की चूक हे मला आजही सांगता येत नाही. तू जागी असतीस तर काय लिहिलं असतंस? भावोजी म्हणतात, हेच. मला आधी वाटलं, हेच. मग वाटलं, तू दोन तास दिले असतेस आणि स्वतः वस्तीत जाऊन उभी राहिली असतीस. दुपारपासून माझं मत चार वेळा बदललंय.

येत्या सोमवारी दहा वाजता भावोजी समितीपुढे जाऊन सगळं सांगणार आहेत, तुझ्या हाताबद्दलसुद्धा. त्यानंतर लगेच मीही जाईन. मी सल्ला दिला नव्हता, हे मलाही सांगायचंय. तुला हे आधी कळावं, अशी त्यांची इच्छा आहे, पण तोंडानं सांगायची त्यांची हिंमत होत नाही. पत्र लिहा म्हटलं, तर त्यांनी लिहायला घेतलं आणि कागद माझ्यापुढे धरला. सगळं तुझ्या अक्षरात. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. दोन वर्षांत त्यांचं स्वतःचं अक्षर हातातून गेलंय, आणि तुझ्याच अक्षरात तुझी क्षमा कशी मागायची, असं ते म्हणाले. म्हणून मला लिहायला सांगितलं. ते आता माझ्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसलेत. जेवले नाहीत, घरी जायचं म्हटलं की मान हलवतात. मी त्यांना काय सांगू, ते मला कळत नाही, आणि तू माझी कोण लागतेस, तेही आज तेवढंसं कळत नाही. हे पाकीट ड्रायव्हर तुझ्याच हातात देईल. उत्तर लिहू नकोस. स्वतः ये.

तुझीच,
मास्तरीण