मोकळा दिसणारा रस्ता

बाबा, गेल्या महिन्यात मी गाडी देऊन टाकली. तुमची पांढरी नव्हे, ती तर तुम्ही गेल्यावर दोन वर्षांतच गेली. ही माझी, नंतर घेतलेली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि या चौदा वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ झालं, लेकीचं शिक्षण, तिची नोकरी, लग्न, तिचं बंगळुरूला जाणं. पण कागद-पेन घेऊन बसावं असं कधी वाटलं नाही. आज शाळेला सुट्टी आहे, स्वयंपाक एकटीपुरता, तो दहालाच उरकला. दुपारभर घरात पंख्याचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा तुमच्याशी बोलावं म्हटलं.

तुम्ही एसटीतून रिटायर झालात त्याच वर्षी मी परत आले होते, नवरा गेलेला, चार वर्षांची पोर कडेवर. आई आधीच गेलेली. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, समजूतही काढली नाहीत. महिन्याभराने दारात एक जुनी पांढरी गाडी आणून उभी केलीत आणि म्हणालात, "घरात ल्हान पोर हाय. उद्या ताप आला, पडली-झडली, तर रिक्षा शोधत फिरनार काय?" मी म्हटलं, तुम्ही आहात ना चालवायला. तुम्ही म्हणालात, "मी हाय तवर तू शिकून घे." मला तेव्हा ते बोलणं आवडलं नव्हतं.

पूर्णा गावाकडे आता जिथे गोदामांच्या रांगा आहेत आणि कंटेनर वळवायला जागा पुरत नाही, तिथे तेव्हा नुसतं रान होतं. रोज सकाळी सहाला आपण तिघं तिथे. पहिले आठ दिवस तुम्ही मला इंजिन चालूच करू दिलं नाहीत. गाडीभोवती फेरी मारायची, चारी चाकांना तळवा लावून बघायचं, वाकून खाली बघायचं. "खाली कुत्रं झोपलेलं असतं. पोरांचा चेंडू गेलेला असतो, आनि चेंडूच्या मागं पोर." मी वैतागून म्हटलं, या रानात कुठलं पोर? तुम्ही मागच्या सीटवर बसलेल्या नातीकडे बोट दाखवलंत. तिला तुम्ही मागे पट्टा लावूनच बसवायचात. तेव्हा मागे पट्टा लावणारं अख्ख्या भिवंडीत कोणी नसेल, लोक हसायचे. "मागं बसला म्हनून हाडं लोखंडाची व्हत न्हाईत," असं तुम्ही सगळ्यांना एकाच सुरात ऐकवायचात.

मावशीच्या मुलाच्या लग्नाला निघालो होतो तो दिवस आठवतो का? मावशी तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन पुढे तुमच्या शेजारी येऊन बसली, नवी पैठणी, डोक्यात गजरा. तुम्ही इंजिन बंद केलंत, दार उघडून बाहेर आलात आणि हाताची घडी घालून उभे राहिलात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मावशी आतून ओरडतेय, "दाजी, मुहूर्त टळंल!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ब्रेक मारला तर काचेवर तू न्हाय आदळनार, हा आदळंल. मागं बस, मग निघू." मावशी मागे बसली, पण लग्नात तुमच्याशी बोलली नाही. परत येताना मात्र आपणहून मागे जाऊन बसली. मी त्या दिवशी तुमच्यावर चिडले होते. चारचौघांत माणसाला असं अडवू नये, असं मला वाटलं होतं. आणि नंतर चारचौघांत अडवायची वेळ आली तेव्हा मी तुमच्या दसपट वाईट वागले.

त्या दिवशी आपण नातीला दहावीच्या क्लासवरून आणत होतो. गाडी तुम्ही चालवत होतात, मी तुमच्या शेजारी. वंजारपट्टी नाक्याच्या अलीकडे डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक यंत्रमाग कामगार सायकल हाताने धरून उभा होता, कॅरिअरवर कापडाचे तागे बांधलेले. गाडीचा कोपरा सायकलला लागला. सायकल पडली, तो पडला, तागे रस्त्यावर उलगडत गेले. कोपर खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. तो उठून म्हणाला, "चाचा, मैं तो कब से सामने खड़ा था. आप ने देखा नहीं?" तुम्ही खाली उतरून रस्त्यावर बसलात आणि एकेक तागा गुंडाळायला लागलात. पांढरं कापड चिखलात गेलं होतं, ते तुम्ही शर्टाने पुसत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "रस्ता मोकळा व्हता. मना रस्ता मोकळा दिसत व्हता."

मला ते खोटं वाटलं. इतकी वर्षं एसटी चालवली, एक ओरखडा नाही, म्हणून आता चूक कबूल करवत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. खरं तर तो माणूस मलाही दिसला नव्हता, मी पर्समध्ये मोबाइल शोधत होते. पण घरी आल्यावर चाळीतली माणसं विचारायला जमली तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "समोरचा माणूस दिसत नाही यांना आता." आणि तुमच्या हातातली चावी ओढून घेतली. अक्षरशः ओढली. कडी तुमच्या बोटात अडकली होती. नात दारात उभी होती. तुम्ही बोट चोळत म्हणालात, "चावी मागून घ्याची व्हती गो. दिली असती मी. अशी वडून न्हाय घ्याची."

एवढंच. त्यानंतर तुम्ही गाडीचा विषय काढला नाहीत. गाडीत बसलाही नाहीत. गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडावर जायचात ते एसटीने, स्टॉपवर तासतास उभं राहून. मी म्हणायचे, मी सोडते ना, माझा रस्ताच तो आहे. तेव्हा मी गणेशपुरीकडच्या या शाळेच्या ऑफिसात लागले होते. तुम्ही म्हणायचात, "एसटी बरी हाय."

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी परत येत होते आणि वज्रेश्वरीच्या स्टॉपवर तुम्ही दिसलात, पंचा खांद्यावर, ओले केस. मी रस्त्याच्या पलीकडे गाडी थांबवली, काच खाली करून हात केला. पुन्हा केला. हाकही मारली, पण मध्ये डंपर गेला. तुम्ही सरळ समोर बघत उभे. मान सुद्धा हलवली नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. म्हटलं, राहू दे. गाडी गिअरमध्ये टाकून घरी निघून आले. तुम्ही दीड तासाने आलात. मी ताट वाढताना म्हटलं, "दिसले नव्हते का मी स्टॉपवर?" तुम्ही विचारलंत, "कदी?" मी भाकरी वाढून आत गेले. नाटक करताय असं वाटलं. त्यानंतर मी स्टॉपकडे बघायचं सोडून दिलं. वर्षभरात तुम्ही गेलात, सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता. डॉक्टर म्हणाले, हृदय. आपल्यात ते स्टॉपचं तसंच राहिलं.

आता माझं सांगते. गेल्या दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डोळे दाखवायला गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, लेकीच्या वयाच्या. त्यांनी एका मशिनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे उजेड चमकला की बटण दाबायचं. मी मन लावून दाबत होते. उठताना वाटलं, सगळे दिसले, पास झाले. त्यांनी कागद पुढे ठेवला. त्यावर डाव्या बाजूला काळा डाग होता, मोठा, तळहातासारखा. "इथे तुम्हाला काहीच दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "असं कसं? मला काळं कुठे दिसतं?" त्या म्हणाल्या, "काळं दिसत नाही हो. काचबिंदूत असंच होतं. जे दिसत नाही ते मेंदू आपलं आपण भरून काढतो. त्या जागी काही आहे हेच माणसाला कळत नाही."

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता? आईवडिलांना?"

मी म्हटलं, "वडिलांना कधी दाखवलंच नाही."

बाबा, तुमची चावी काढून घेतली, पण तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं नाही. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. थेंब वेळेवर मिळाले असते तर उरलेलं तरी टिकलं असतं, असं बाई म्हणाल्या. मला त्यांनी थेंब दिले आणि सांगितलं, "गाडी आता नको. तुमच्यासाठी नाही म्हणत, रस्त्यावरच्यांसाठी म्हणते." मी मान हलवली.

आणि तरी मी चालवत राहिले. तीन महिने. रोज सकाळी भिवंडीतून निघायचं, संध्याकाळी परत. मान जास्त वळवते म्हटलं, हळू चालवते म्हटलं, डावीकडचा आरसा मोठा बसवून घेतला. तुम्ही शिकवलेलं एकूण एक करत होते, फेरी मारणं, चाकांना हात लावणं. ज्याने गाडीखाली वाकून बघायला शिकवलं त्याच्या लेकीने हे करावं, तुम्ही मला काय म्हणाला असता?

फेब्रुवारीत एका संध्याकाळी शाळेच्या गेटमधून गाडी बाहेर काढत होते. आमच्या शिपाईबाई किंचाळल्या. मी ब्रेक दाबला. खाली उतरले तर डाव्या चाकापासून हातभर अंतरावर सहावीतली एक मुलगी उभी, दप्तर छातीशी धरून. तिला काही झालं नव्हतं. घाबरली होती. मी तिला जवळ घेतलं तर ती रडत रडत म्हणाली, "मॅडम, मी हात केला व्हता ना तुम्हाला. तुम्ही माझ्याकडंच बगत व्हता."

मी तिथेच पायरीवर बसले. शिपाईबाईंनी पाणी आणलं, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मला स्टॉप दिसत होता. पंचा, ओले केस, सरळ समोर बघणारे तुम्ही. तुम्ही तोंड फिरवलंच नव्हतं, बाबा. मी हात करत होते ती जागा तुमच्या नजरेत नव्हतीच. आणि मी ते वर्षभर मनात धरून तुमच्या ताटात भाकरी वाढत राहिले.

गाडी तिथेच शाळेत ठेवली आणि एसटीने घरी आले. पंधरा दिवसांनी आमच्या गणिताच्या सरांनी आणि त्यांच्या बायकोने ती घेतली, त्यांचं बाळ आठ महिन्यांचं आहे. चावी देण्याआधी मी दोघांना गाडीभोवती फिरवलं. बाळाची खुर्ची मागेच कशी बांधायची ते दाखवलं, पट्टा ओढून ओढून दाखवला. सर म्हणाले, "मॅडम, ही बाळाला मांडीवर घेऊन नीट धरते हो." मी म्हटलं, "मग मी चावी देत नाही." त्यांना ती थट्टा वाटली. मी चावी मुठीत धरून उभी राहिले, तेव्हा बाळाच्या आईने बाळाला उचललं आणि मागे खुर्चीत बसवून पट्टा लावला.

लेकीला फोनवर डोळ्यांचं सांगितलं तेव्हा ती रडली. "आई, मला आधी का नाही सांगितलंस? आणि गाडी?" मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी बंद केली. ती म्हणाली, "बरं केलंस. माझ्या जिवाला घोर असायचा त्या रस्त्यावर तू एकटी म्हणून. आता एसटीने जातेस ना, मी निश्चिंत झाले."

खरंच निश्चिंत झाली. आता ती रविवारी फोन करते, तासभर छान बोलते. तिच्यात काही खोट नाही, बाबा, तुमच्या हाताखाली वाढलेली पोर आहे. पण गाडी होती तेव्हा रोज संध्याकाळी साडेसहाला फोन वाजायचा. कितीही कामात असली तरी. अर्ध्या मिनिटाचा फोन. "आई, पोचलीस का?" मी म्हणायचे, "पोचले." ती म्हणायची, "ठीक आहे." आणि ठेवायची.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. कागदावर डावीकडचा डाग डोळ्यांनी बघूनही तीन महिने मी गाडी चालवली ती शाळा लांब म्हणून नव्हे. एसटी तर आपल्या कोपऱ्यावरूनच सुटते. मी चालवली ती त्या साडेसहाच्या फोनसाठी.